बाबाजानने घडवलेले कडे

देवळाली प्रवरा येथील ज्ञानमंदिर महाविद्यालयात बास्केटबॉल हा खेळ आला, तो आसाराम मुसमाडे यांच्या हाताने. तोवर त्या पंचक्रोशीत पुरुषांचा खेळ म्हणजे कुस्ती, आणि फार तर हुतुतू. पुण्यास शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून आसाराम सर गावी परतले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपड्यांहून अधिक जागा एका चामडी चेंडूने अडवली होती. तालमीच्या वस्तादांनी तो चेंडू हातात घेऊन दाबून पाहिला आणि विचारले, की अंगाला माती लावणारी पोरे आता टोपलीत फळे टाकल्यासारखा हा चेंडू टाकत बसणार काय? सर हसले. वाद घालण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. कामाला लागण्याचा होता.

महाविद्यालयामागे एक जुने खळे होते. उसाचे दिवस आल्यावर त्यावर धान्याची मळणी होत नसे. मुलांनी तेथे मुरूम आणून टाकला, पाणी शिंपडले आणि चोपण्यांनी चोपून जमीन अशी केली, की चेंडू आपटला तर पुन्हा हाताशी येई. सामन्याच्या आदल्या दिवशी सर्व खेळाडूंनी मिळून ते मैदान शेणाने सारवायचे, हा शिरस्ता पहिल्याच वर्षी पडला आणि पुढे कोणी मोडला नाही. नवा आलेला मुलगा कितीही मोठ्या बागाईतदाराचा असो, त्याचा हात आधी शेणात जायचा आणि मग चेंडूला लागायचा.

खांब वखारीतून मिळाले, फळ्या सुताराने जोडल्या. राहिली ती दोन लोखंडी कडी, ज्यांतून चेंडू खाली पडायचा. ती आणण्यासाठी पुण्यास जाण्याचे कारण नव्हते. गावात बाबाजान लोहार होता.

बाबाजानची भट्टी ओढ्याच्या काठी, बाभळीखाली. नांगराचे फाळ तो करीत असे, विळे-कोयत्यांना धार लावीत असे. परंतु त्याची खरी कीर्ती होती ती धावेसाठी. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जो लोखंडाचा पट्टा चढवतात, त्यास धाव म्हणतात. बाबाजानने चढवलेली धाव चाक झिजेल, पण निसटणार नाही, असे पार खर्ड्यापर्यंतचे गाडीवान म्हणत. आसाराम सरांनी पुस्तकातील मापाप्रमाणे सुतळीचा तुकडा कापला, त्याच्या टोकांना गाठी मारल्या आणि बाबाजानच्या हाती देऊन सांगितले, की कड्याचा आतला घेर एवढा भरला पाहिजे. बाबाजानने सुतळी पागोट्यात खोचली. यथावकाश कडी आली, फळ्यांवर चढली, त्यांना जाळी लागली. आणि चेंडू त्यांतून खाली पडला, तेव्हा जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. ती कडी पुन्हा मापून पाहावी, असे त्या आनंदात कोणाच्याही मनात आले नाही.

त्या संघाचा पुढील इतिहास आजही जुनी माणसे भक्तिभावाने सांगतात. पहिल्या वर्षी नगरच्या स्पर्धेत मुले अनवाणी उतरली आणि अशी हरली, की विजयी संघातील एका सज्जन खेळाडूने सामना संपल्यावर थांबून त्यांना नियम समजावून दिले. दुसऱ्या वर्षी ती पुन्हा हरली, पण नियमाने हरली. तिसऱ्या वर्षापासून देवळालीच्या मुलांचा हात बसू लागला. लांबून, कोपऱ्यातून, धावता धावता ती चेंडू फेकीत, आणि तो कड्याला न शिवता जाळीत उतरे. श्रीरामपूर, राहुरी, कोपरगाव, नगर, जिथे जावे तिथे देवळालीचे नाव झाले. नवल एवढेच, की हा संघ परगावी जेवढे गुण मिळवी, तेवढे स्वतःच्या मैदानावर त्याला कधीच मिळत नसत. घरच्या मैदानावर तो जिंके, पण कष्टाने, थोडक्यात. याची कारणे गावात अनेक होती. कोणी म्हणे, आईबापांसमोर पोरे बुजतात. किराणा दुकानदाराचे मत असे, की परगावच्या जेवणात तूप असते. सरांनी त्यावर फार विचार केला नाही. विजयाची कारणे शोधण्याची सवय माणसाला कमीच असते.

एकाहत्तर सालच्या जानेवारीत विभागाचा अंतिम सामना देवळालीसच झाला. समोर संगमनेरचा संघ होता आणि त्या संघात बन्सी वर्पे नावाचा मुलगा होता, ज्याचा नेम चुकत नाही अशी ख्याती होती. त्या दिवशी तो पुनःपुन्हा चुकला. शेवटच्या क्षणी देवळाली एका गुणाने पुढे असताना त्याने दूरवरून चेंडू फेकला. चेंडू कड्यावर बसला, एक वळसा त्याने घेतला, दुसरा घेऊ लागला, आणि बाहेर पडला. विभागाची ढाल प्रथमच देवळालीत आली. लेझीम निघाले, बाबाजानने भट्टीवर रेवड्या वाटल्या. बन्सी वर्पे मैदानाच्या कडेला आपल्या तळहातांकडे पाहत बसला होता, हे सरांनी जाता जाता पाहिले होते. त्यांना वाईटही वाटले होते. परंतु लेझमीचा आवाज मोठा होता.

बहात्तर सालच्या जानेवारीत पुन्हा तोच योग आला. तेच दोन संघ, तेच मैदान, पौषातली तशीच थंडी. या खेपेस देवळालीचा कप्तान होता पीरमहंमद, बाबाजानचा धाकटा मुलगा. शरीराने काटक, बोलण्यात मोजका, अभ्यासातही बरा. त्याचे हे महाविद्यालयातले शेवटचे वर्ष होते. सामना रविवारी. शुक्रवारी झेंडूचे तोरण बांधताना एक धिप्पाड मुलगा दक्षिणेकडच्या कड्याला लोंबकळला आणि कड्याच्या जोडाला चीर पडली. आसाराम सरांनी कडे उतरवले आणि पीरमहंमदास बरोबर घेऊन ते ओढ्याकाठी गेले.

बाबाजानने कडे उन्हात धरून फिरवले. जुन्या कामाकडे कारागीर पाहतो, तसे पाहिले. पीरमहंमद आपणहून भात्याशी जाऊन बसला.

“सहा वरसं पोरं ह्येला लोंबकळत्यात, तवा कुठं चीर पडली,” बाबाजान म्हणाला. “पुन्याचं कडं असतं, तर दुसऱ्याच साली वाकलं असतं, मास्तर.”

सर म्हणाले, की ते खरेच आहे.

“आन् बसलंय बी कसं घट. तुमी सुतळी दिली हुती ना, तिच्यापरास चार बोटं आखूड कापलं हुतं मी. धाव अशीच कापायची असती. मापाबरहुकूम कापली, तर चाकावर ढिली बसती. आखूड कापायची, तापवून चढवायची, आन् वर पानी वतायचं. मग बघा कसं आवळून धरतं.”

आसाराम सरांना क्षणभर हे केवळ एका वृद्ध कारागिराचे कौतुकाचे बोलणे वाटले. मग त्यातला अर्थ त्यांच्या ध्यानी आला.

“पण चाचा,” ते हळूच म्हणाले, “याच्या आत चाक नव्हतं.”

भाता थांबला. बाबाजानच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, पण त्यातला जीव गेला. आयुष्यभर ज्या हाताने शेकडो धावा कापल्या, त्या हाताने येथेही तेच केले होते. डोक्याला त्याने विचारलेच नव्हते. त्याने कडे गुडघ्यावर ठेवले आणि त्याच्या मोकळ्या पोकळीकडे पाहत तो म्हणाला, “न्हवतं खरं.”

दुरुस्तीसाठी त्याच मापाची कापून आणलेली सुतळी सरांनी खिशातून काढली आणि कड्याच्या आतून फिरवून पाहिली. चार बोटे उरली. उत्तरेकडचे कडेही त्याच दिवशी, त्याच हाताने घडलेले होते.

“सर,” पीरमहंमद भात्याजवळून म्हणाला, “म्हणजे मागल्या साली बन्सीचा चेंडू…” त्याने वाक्य पुरे केले नाही.

कोण बन्सी, असे बाबाजानने विचारले. मुलाने सांगितले. सांडशीने म्हाताऱ्याने निखारे उगाचच इकडचे तिकडे केले.

“म्हंजे त्या पोराचा चेंडू माज्या लोखंडानं भाईर टाकला व्हय?”

नवी कडी उद्यापर्यंत होतील का, एवढेच सरांनी विचारले. बाबाजान म्हणाला, आज रातच्यालाच पेटवतो. आणि या खेपेला मास्तरांनी स्वतः उभे राहून माप घ्यावे.

परतताना ओढा ओलांडल्यावर पीरमहंमदने मनातले बोलून टाकले. नवी कडी बसवावीत, ते योग्यच. परंतु मागचे कोणास सांगू नये. सांगितले, तर लोक अब्बांना नावे ठेवतील. पोरगा संघात खेळतो म्हणून बापाने कडे आवळले, असे म्हणतील. ती कडी घडली तेव्हा आपण महाविद्यालयातही आलो नव्हतो, हे कोण ध्यानात घेणार? आणि आपली घरे गावात किती, सर? एकदा बोलले गेलेले पुसता येत नाही.

हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही. म्हणूनच ते सरांच्या अंतःकरणास अधिक लागले.

त्या रात्री त्यांना झोप आली नाही. एका बाजूस सहा वर्षे घाम गाळून मिळवलेले संघाचे नाव होते. ती ढाल खरोखर आपली होती का, हा प्रश्न आता त्या नावाला चिकटला होता. दुसऱ्या बाजूस एक निष्कपट म्हातारा होता, ज्याच्या जवळ इभ्रतीवाचून दुसरी मिळकत नव्हती. आणि या दोहोंच्या मध्ये आपल्या तळहातांकडे पाहत बसलेला तो संगमनेरचा मुलगा. गप्प राहिले, तर पहिल्या दोघांचे काहीच बिघडत नव्हते. उजाडता उजाडता त्यांना एवढे स्पष्ट दिसले, की चूक सांगायची, पण तिचा धनी आपण व्हायचे. माप आपण दिले होते; ते पुन्हा घेऊन पाहणे हे आपले काम होते. पुण्यास आपणच शिकून आलो होतो, बाबाजान नव्हे.

प्राचार्यांच्या कानावर घालणे त्यांना प्राप्तच होते. प्राचार्य विचारी गृहस्थ होते. महाविद्यालयाचे नाव ही एका व्यक्तीची मालमत्ता नव्हे, असे ते म्हणाले. सामना होऊ द्यावा, नंतर शांतपणे काय ते ठरवू. सर नम्रतेने म्हणाले, की नंतर ती मुले आपापल्या गावी गेलेली असतील. प्राचार्यांनी खिडकीबाहेर पाहिले आणि तुम्हाला योग्य वाटेल तसे करा, असे सांगितले. त्यात अनुमती होती, तशी थोडी नाराजीही होती.

शनिवारी सायंकाळी दक्षिणेकडचे नवे कडे चढले. सुतळी आत फिरवली, ती गाठीला गाठ लागून बसली. उत्तरेकडचे काम सकाळवर राहिले.

रविवारी संगमनेरची मंडळी टेम्पोतून आली. त्यांचे शिक्षक गहिनीनाथ कडलग उंच, तापट आणि सडेतोड म्हणून विख्यात. आसाराम सरांनी त्यांना बाजूला घेऊन सर्व सांगितले. माप घेण्याचे काम माझे होते, ते मी केले नाही. मागच्या सामन्यातली कडी चार बोटांनी आखूड होती. ढालीविषयी आपण म्हणाल ते मला मान्य आहे. एवढे बोलून ते उभे राहिले.

कडलग सरांनी ऐकून घेतले. त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती. “हे मला कशाला सांगता?” ते म्हणाले. “कड्यावर फिरून बाहेर पडलेल्या त्या चेंडूपायी वर्षभर लोकांनी ज्याला फिरकी म्हणून चिडवलं, त्याला सांगा.”

बन्सी वर्पे फरसबंदीवर बसून बुटाची नाडी बांधीत होता. आसाराम सर त्याच्यासमोर उकिडवे बसले. आपल्याहून वयाने निम्म्या मुलासमोर एक शिक्षक असा बसतो, हे पाहून आजूबाजूची बोलणी थांबली. सरांनी तेच सांगितले. माप माझे, चूक माझी, एवढेच.

एवढ्यात मागून आवाज आला.

“मास्तर खोटं बोलत्यात, पोरा.” बाबाजान पागोटे नीट करीत पुढे आला. त्याला घरी थांबायला सांगितले होते. “त्यांनी माप बराबर दिलं हुतं. आखूड कापलं मी. धावंची सवं, दुसरं काय. माजा हा पोरगा तवा आठवीत का नववीत हुता, त्येला काय ठावं न्हाई.”

पीरमहंमदने मान खाली घातली. जे झाकण्यासाठी एकाने विनवणी केली होती आणि दुसऱ्याने चूक अंगावर घेतली होती, ते म्हाताऱ्याने चार वाक्यांत उघड्यावर मांडले. जमलेल्यांपैकी कोणी तरी हुं केले. पण पुढे काही बोलण्याचा धीर त्याला झाला नाही, कारण बाबाजान त्याच्याचकडे पाहत होता.

बन्सीला काय वाटले, हे त्याच्या मुद्रेवरून कळेना. मग तो म्हणाला, “माझी आई वर्षभर माझ्या हातावरून मीठ-मिरच्या उतरवतीय. दृष्ट लागली म्हणून.” आणि त्याला हसू आले. आधी थोडे, मग आवरेना. त्याच्या संघातली मुले हसली, देवळालीची हसली. बाबाजान तेवढा हसला नाही. त्याने बन्सीचा उजवा हात आपल्या खरबरीत हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, आणि सोडून दिला.

“जुनं कडं कुठलं?” बन्सीने विचारले.

उत्तरेकडचे दाखवले. तो उठला, चेंडू घेतला आणि गेल्या वर्षी जेथून फेकला होता तेथे जाऊन उभा राहिला. पहिला चेंडू कड्यावर आपटून बाहेर गेला. दुसराही गेला. त्यानंतर तो किती वेळ फेकत राहिला, याकडे कोणी लक्ष दिले नाही. पीरमहंमद मात्र न सांगता कड्याखाली जाऊन उभा राहिला आणि चेंडू परत देत राहिला. अखेर एक चेंडू उंच गेला आणि कड्याला न शिवता जाळीत उतरला. बन्सीने खांदे सैल सोडले. “आता बदला,” तो म्हणाला.

सामना मापाच्या कड्यांवर झाला. असा सामना त्या मैदानाने पूर्वी पाहिला नव्हता. दोन्हीकडचे गुण एवढ्या वेगाने चढत गेले, की फळ्यावर खडूने लिहिणाऱ्याची बोटे पांढरी झाली. पीरमहंमद मनापासून खेळला. देवळालीची मुले घरच्या मैदानावर प्रथमच परगावासारखी खेळली. परंतु बन्सी वर्पे त्या दिवशी वर्षभराचे ओझे उतरवून आला होता, आणि मोकळ्या झालेल्या माणसापुढे कोणाचे चालत नाही. देवळाली थोडक्यात हरली. शेवटचा चेंडू पीरमहंमदच्या हातून सुटला, फळीला लागला आणि खाली आला.

प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. एकजण बाबाजानला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, की चांगली पावणारी कडी बदलायची अवदसा कुणाला आठवली कोण जाणे.

“कडं मापाचं हाय,” बाबाजान शांतपणे म्हणाला. “पोरं हारली. हारत्यात कवा कवा.”

हे शब्द पीरमहंमदच्या कानी पडले. तो बापाजवळ आला, आणि घामाने निथळत असतानाच त्याने बापाचे पागोटे, जे गर्दीत तिरके झाले होते, सरळ केले.

ढाल प्राचार्यांनी स्वहस्ते दिली. गेल्या वर्षीच्या निकालाविषयी काय करायचे, असे आसाराम सरांनी कडलग सरांना पुन्हा विचारले. कडलग सर म्हणाले, की त्याचा निर्णय मघा झाला; त्या मुलाचा चेंडू ज्या वेळी आत गेला, त्या वेळी. आता आम्हाला जेवायला वाढा, पोरे भुकेली आहेत.

जेवणे झाली. टेम्पो निघायच्या वेळी बन्सी आसाराम सरांकडे आला. मनातली गोष्ट मागावी की नाही, या संकोचात तो थोडा घुटमळला.

“सर, ते जुनं कडं तुम्ही काय करणार?”

मोडीत घालू, असे सर म्हणणार होते.

“मला द्या. सरावाला.” तो म्हणाला. “त्यातून जो टाकील, तो कुठल्याही गावात टाकील.”

आसाराम सर जागच्या जागी थांबले. इतकी वर्षे जे गाव तुपाच्या आणि बुजण्याच्या नावावर खपवीत आले होते, ते एका परगावच्या मुलाने एका वाक्यात उलगडले होते. शुक्रवारपासून ते मनाशी म्हणत होते, की या कड्याने आपल्या संघाचा मान खोटा केला. घरच्या एका ढालीपुरते ते खरेही होते. पण नगर, राहुरी, कोपरगाव येथील कडी बाबाजानने घडवली नव्हती. तेथे मिळवलेला प्रत्येक गुण मुलांच्या मनगटाचा होता, आणि ती मनगटे याच अरुंद कड्याखाली तयार झाली होती. त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवले नाही.

उत्तरेकडचे कडे टेम्पोत गेले. दुसरे, चीर पडलेले, पीरमहंमदच्या हातात होते. तेही देऊ का, असे सरांनी विचारले.

“नको सर,” तो म्हणाला. “हे अब्बा उद्या सांधून देतील. पुढच्या पोरांना सरावाला लागंल.”

टेम्पो सुरू झाला. आत बसायला जागा कमी होती, म्हणून बन्सीने कडे खांद्यातून घालून घेतले आणि ढाल दुसऱ्याच कोणाच्या मांडीवर दिली. बाबाजान टेम्पोच्या मागच्या फळक्याशी उभा राहून त्याला बजावीत होता, की गंज चढू देऊ नको, पावसाळ्यात तेलाचा हात फिरव. आणि तो मुलगा, जिंकून चाललेला, एखाद्या शिष्याने ऐकावे तसा मान डोलावून ऐकत होता.